मनाचेही पुनर्वसन हवे

(आघात झेललेल्या मुलांच्या मानसोपचाराविषयी अमरावती येथे कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे आणि अकोल्यात सिंधी कॅम्प. या नावांतला 'कॅम्प' हा शब्द आज कुणाच्याही कानाला खटकत नाही. तेथे पक्की घरे उभी राहिली, कापडाची आणि किराण्याची दुकाने थाटली गेली, चेटीचंडाची मिरवणूक निघू लागली; मुले घरात सिंधी आणि रस्त्यावर वऱ्हाडी बोलू लागली. परंतु हा शब्द ज्या दिवसांची खूण आहे, ते दिवस आठवून पाहावेत. १९४७मध्ये देशाची फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर 'थोडे थांबून पाहू' म्हणणाऱ्या सिंधी हिंदूंनीही घरांना कुलपे घातली. बोटीने, रेल्वेने, मिळेल त्या मार्गाने ही माणसे इकडे आली आणि त्यांतली काही कुटुंबे वऱ्हाडात स्थिरावली. त्यांच्या बोटाला धरून पाच-सहा-आठ वर्षांची मुलेही आली होती. त्यांतली जी हयात आहेत, ती आज ऐंशीच्या पुढे आहेत.

त्या काळात समाजाला आणि शासनाला जे सुचले ते केले गेले. निवारा, धान्य, शाळा, धंद्याला थोडेफार भांडवल. निर्वासितांच्या कर्तबगारीची उदाहरणे आजही दिली जातात आणि ती यथार्थ आहेत. मात्र एका गोष्टीची चौकशी फारशी झाली नाही. रात्री दचकून उठणाऱ्या, आई क्षणभर दिसेनाशी झाली तरी आकांत करणाऱ्या, नाहीतर मुळीच न बोलणाऱ्या मुलांचे काय? घरातल्या थोरांनी 'झाले ते झाले' म्हणून पडदा टाकला. पुष्कळ घरांत फाळणीचा विषय नातवंडांनी विचारल्यावरच निघाला. यात कुणाला दोष देता येणार नाही. आघातानंतर जडणाऱ्या या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले तेच मुळी १९८०मध्ये. आज नाव आहे, उपचार आहेत, त्यांच्या परिणामाचे पुरावे आहेत. त्यामुळे आजच्या पिढीला ती सबब उरलेली नाही.

वळिवड्याची वसाहत

त्याच दशकात महाराष्ट्रात निर्वासितांची आणखी एक वसाहत होती. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहिले. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग गिळल्यावर या कुटुंबांना गुराढोरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले होते. तेथून सुटून, इराणमार्गे, ती हिंदुस्थानात पोहोचली. वाटेत भुकेने आणि रोगाने कित्येकांची भावंडे गेली, कित्येकांच्या आया गेल्या. त्याआधी १९४२मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अशाच अनाथ पोलिश मुलांना आश्रय दिला होता.

वळिवड्यात मुलांची शाळा पोलिश भाषेत भरे. प्रार्थनामंदिर होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती, रुग्णालय होते. मुलांना आपले सण आपल्या पद्धतीने साजरे करता येत. मानसोपचार म्हणून हे कुणी योजले नव्हते. परंतु २००७मध्ये स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामूहिक आपत्तीनंतर माणसाला काय हवे असते याचा जो निष्कर्ष मांडला, तो वाचताना वळिवड्याची आठवण होते: सुरक्षित वाटणे, मन शांतावणे, आपण काही करू शकतो असा विश्वास, आपल्या माणसांशी धागा आणि पुढे काही चांगले आहे ही आशा. सप्टेंबर २०१९मध्ये त्या वसाहतीत वाढलेली काही वृद्ध मंडळी कोल्हापूरला पुन्हा येऊन गेली. ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकावर आणि जामसाहेबांच्या स्मारकावर पुष्पांजली वाहिली. पाऊणशे वर्षे उलटूनही ऋण विसरले गेले नाही, याचे कारण त्या मुलांना येथे केवळ भाकरी मिळाली नव्हती.

याच युद्धकाळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषी बॉम्बवर्षावात सापडलेल्या मुलांसाठी बालगृहे चालवीत होत्या. त्यांच्या टिपणांतील एक निरीक्षण आजही मूलगामी मानले जाते. बॉम्बच्या आवाजाने मूल जितके खचत नव्हते, तितके ते आईपासून तुटल्याने खचत होते. आणि बॉम्ब पडताना आई शांत राहिली, तर मूलही बरेचसे शांत राहत होते. पुढे १९४५मध्ये नाझी छळछावणीतून सुटलेली तीन-तीन वर्षांची सहा मुले इंग्लंडमध्ये त्यांच्या देखरेखीखाली आली. सहाही जणांचे आईवडील मारले गेले होते. ही मुले मोठ्यांना चावत, मारत, खेळणी तोडत. एकमेकांना मात्र क्षणभर सोडत नसत. एकाला खाऊ दिला तर बाकीच्यांना मिळाला की नाही हे आधी पाहत. मोठ्यांनी हिरावलेले जग त्या सहा जिवांनी आपसांत उभे केले होते. त्यांना वेगवेगळ्या घरी वाटून दिले असते तर काय झाले असते, याचा विचार आपल्याकडच्या वसतिगृहांच्या चालकांनी अवश्य करावा. भावंडांना वेगवेगळ्या ठिकाणी घालणे आपल्याकडे सोयीचा भाग समजला जातो.

मेळघाटातून खाली उतरलेली गावे

हे सारे दूरचे झाले. विस्थापित मुले वऱ्हाडात आहेत काय? आहेत. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच आहेत.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४मध्ये घोषित झाला. त्याच्या गाभ्यातील गावांचे पुनर्वसन या शतकाच्या प्रारंभापासून टप्प्याटप्प्याने होत आले. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी हलली. पुढे गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा, धारगड, बारूखेडा, अमोणा, नागरतास ही गावे डोंगर उतरून अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागात आली. कुटुंबामागे १० लाख रुपयांची योजना होती. वाघ वाचला पाहिजे याविषयी दुमत नाही, आणि शाळा-दवाखाना-रस्ता यांच्या जवळ आल्याचा लाभही काहींना झाला. परंतु २०१९च्या जानेवारीत पुनर्वसित गावकरी पुन्हा जंगलातील आपल्या जुन्या जागी परतले, वनविभागाचे कर्मचारी आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. जमिनीचा आणि पैशाचा हिशेब चुकता झाला की माणसे सुखी होतात, हे गणित तेथे चुकले.

त्या गावांतील कोरकू मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. घरात तो कोरकू बोलतो. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नव्हे, गोंडीच्याही नव्हे. ती मुंडा कुळातली आहे, संथाळी आणि मुंडारीची दूरची बहीण. ज्या नाल्यात तो खेकडे धरी तो नाला गेला, मुठवादेवाचे ठाणे मागे राहिले, आजीला गाडलेली जागा मागे राहिली. खाली आल्यावर भोवती मराठी बोलणारे, त्याच्या उच्चारांना हसणारे वर्गसोबती. या मुलाचे वर्गात लक्ष नसते, म्हणून गुरुजी त्याला मंद ठरवतात. तो मंद नसतो. तो अजून तेथे पोहोचलेलाच नसतो. वळिवड्याच्या पोलिश मुलांना परक्या देशात जी स्वभाषेची शाळा मिळाली, ती या मुलांना स्वतःच्या जिल्ह्यात मिळू नये, ही विसंगती लाजिरवाणी आहे. कोरकू जाणणारा एक तरी शिक्षक आणि गावाने मानलेला भुमका, एवढे दोघे बरोबर असले तरी मुलांच्या मनाचे निम्मे काम सोपे होईल. भुमक्याला सोबत घेतले म्हणजे अंधश्रद्धेला शरण गेलो, असे मानण्याचे कारण नाही. आजारी मूल आधी त्याच्याकडेच नेले जाते. त्याने पुढे दवाखान्यात पाठवले, तर ते पोहोचते.

पात्र आणि अपात्र

मात्र वऱ्हाडात आघातग्रस्त मुलांची सर्वांत मोठी संख्या विस्थापितांत नाही. ती कास्तकारांच्या घरांत आहे.

अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत २००१पासून नोंदल्या गेलेल्या शेतकरी आत्महत्यांची संख्या वीस हजारांच्या पलीकडे गेली आहे. सुमारे निम्मी प्रकरणे शासकीय निकषांत न बसल्याने साहाय्यास 'अपात्र' ठरली. २००६मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज घोषित झाले. पुढेही अनेक योजना आल्या. कापूस, सोयाबीन, सिंचन, कर्ज, खारपाणपट्टा यांची चर्चा गेली दोन दशके होत आली आहे आणि ती झालीच पाहिजे. पण मृत कास्तकारांचा आकडा जसा महिन्याच्या महिन्याला छापून येतो, तसा मागे राहिलेल्या मुलांचा येत नाही.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. दर्यापूर तालुक्यातील एखादे गाव, तिसरीतला मुलगा. सकाळी बाप शेतात गेला आणि दुपारी माणसे धावत आली. घरात गर्दी, पोलीस, पंचनामा. मुलाला शेजारच्या घरी नेऊन बसवले. सायंकाळी त्याला आणले, हातात मडके दिले. त्याला काय झाले हे कुणी सांगितले नाही. तो लहान आहे ना! दुसऱ्या दिवशीपासून येणारा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, 'आता तूच घरातला कर्ता.' तेरवी होते. तलाठी येतात, सातबारा मागतात, बँकेची कागदे मागतात. काही आठवड्यांनी घरात एक शब्द येतो: अपात्र. मुलाला कागद कळत नाही, परंतु आपल्या बापाला सरकारने नापास केले, एवढे कळते. पुढे सासरी जमिनीवरून कुरबूर होते आणि आई त्याला घेऊन माहेरी जाते. गाव बदलते, शाळा बदलते. म्हणजे हा मुलगाही विस्थापितच झाला. त्याच्यासाठी छावणी उभारली गेली नाही एवढेच.

आता या मुलात काय दिसेल? तो पुन्हा अंथरूण ओले करू लागेल. पोटात दुखते म्हणेल आणि डॉक्टरांना काही सापडणार नाही. आई नजरेआड झाली की कासावीस होईल, कारण एक जण असाच शेतात गेला होता. कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधाच्या वासाने त्याला ओकारी येईल, आणि घरचे म्हणतील की पोट्टं शाळा चुकवायला निमित्त करतं. पोळ्याला बैल सजवले जातात तेव्हा तो मागच्या खोलीत जाऊन बसेल. काही मुले याच्या उलट वागतात. ती एकदम शहाणी होतात. हट्ट करत नाहीत, नवे दप्तर मागत नाहीत, आईचे डोळे पुसतात. गाव त्यांचे कौतुक करते. वस्तुतः सर्वाधिक काळजी अशाच मुलाची वाटायला हवी.

आणि पुष्कळ मुलांच्या मनात एक गुपित असते. आदल्या दिवशी बापाजवळ वहीसाठी पैसे मागितले होते, किंवा रागाने 'तुम्ही मला आवडत नाही' म्हटले होते. म्हणून बाबा गेले. लहान वयात कार्यकारणभाव असाच जुळतो. हे गुपित मूल आपणहून सांगत नाही, आणि कुणी विचारले नाही तर ते त्याच्याबरोबर मोठे होते. स्वीडनमध्ये दीर्घकाळ केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणी किंवा किशोरवयात ज्यांचे आई किंवा वडील आत्महत्येने गेले, त्यांच्यात पुढे हाच मार्ग पत्करण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. यावरून अशा घरातले प्रत्येक मूल त्याच वाटेने जाईल, असे समजणे सर्वस्वी चुकीचे आहे. बहुसंख्य मुले जात नाहीत. परंतु धोका वाढतो हे माहीत असताना स्वस्थ बसणेही योग्य नाही.

या ठिकाणी डेबूजीची आठवण होणे स्वाभाविक आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या या मुलाचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई त्याला घेऊन अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास माहेरी आली. तेथे डेबू मामांची गुरे राखत वाढला आणि मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकलेली त्याने पाहिली. तोच पुढे गाडगेबाबा झाला. दारू, कर्ज आणि सावकार यांविषयी बाबांच्या कीर्तनात जी आग असे, तिचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. परंतु 'दुःखातूनच माणूस घडतो' असे म्हणून या उदाहरणाचा उपयोग हात झटकण्यासाठी करू नये. ज्या असंख्य डेबूंचे पुढे काहीच झाले नाही, त्यांची चरित्रे कुणी लिहिलेली नाहीत. शिवाय डेबूला आई होती, आजोळ होते, मामा होते, करायला काम होते. तो एकटा नव्हता.

उपचार म्हणजे नेमके काय?

मानसोपचार म्हटला की वेड्यांचे इस्पितळ डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी विदर्भातले एकच, नागपूरला. त्यामुळे वऱ्हाडच्या माणसाला तर उपचार म्हणजे नागपूरचा रस्ता एवढेच ठाऊक. आघात झेललेल्या मुलावरील उपचाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. बहुतेक मुलांना औषधाच्या गोळ्याही लागत नाहीत.

मेंदूत धोक्याची सूचना देणारी जणू एक घंटा असते. भयंकर प्रसंगानंतर ती वाजतच राहते. त्या प्रसंगाची स्मृती इतर स्मृतींसारखी कपाटात नीट लावलेली नसते. वास, आवाज, एखादे चित्र असे तिचे तुकडे विखुरलेले असतात, आणि एखाद्या तुकड्याला धक्का लागला की सारे आत्ता, याच क्षणी घडते आहे असे शरीराला वाटते. उपचाराचे काम ही स्मृती पुसण्याचे नाही. ती पुसली जात नाही. तिला तारीख घालायची, म्हणजे 'हे घडले होते आणि आता ते संपले आहे' हे मुलाच्या शरीरालाही पटवायचे, असे हे काम आहे.

निर्वासितांच्या छावण्यांत वापरली गेलेली एक पद्धत येथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. जर्मनीतील माग्गी शाऊअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी ती विकसित केली आणि युगांडातील निर्वासितांत तिचा कस लागला. मुलांसाठी तिचे वेगळे रूप आहे. जमिनीवर एक लांब दोरी पसरतात. दोरीचे एक टोक म्हणजे जन्म. मूल त्या दोरीवर आपल्या आयुष्यातील आनंदाच्या प्रसंगी फूल ठेवते आणि दुःखाच्या, भीतीच्या प्रसंगी दगड. मोठे दुःख, मोठा दगड. दोरीचा उरलेला भाग पुढच्या आयुष्याचा. तो गुंडाळून तसाच ठेवतात. मग पुढच्या बैठकांत प्रशिक्षित समुपदेशक मुलासह त्या दोरीवरून क्रमाने चालतो. फुलापाशी थांबतो, दगडापाशीही थांबतो. 'तेव्हा तू कुठे होतास? कोणत्या वेळी? काय दिसले? छातीत काय झाले? आणि आता, हे सांगताना, काय होते आहे?' घाई नाही, जबरदस्ती नाही. पण अर्ध्यावर सोडणेही नाही. प्रत्येक बैठकीनंतर समुपदेशक ती कथा लिहून काढतो, पुढच्या वेळी मुलाला वाचून दाखवतो आणि मूल तिच्यात दुरुस्त्या करते. अखेरीस पूर्ण लिहिलेली कथा मुलाच्या हाती दिली जाते.

हे मोठ्या खर्चाचे काम नाही. दोरी, फुले आणि दगड यांची वऱ्हाडात वाण नाही. वाण आहे ती शांतपणे ऐकणाऱ्या आणि शिकून तयार झालेल्या माणसांची. शिकून, यावर भर द्यावा लागेल; कारण उत्साही पण अशिक्षित हातांत ही पद्धत अपाय करू शकते. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एका बैठकीत सारे बोलते करण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. तिने लाभ होत नाही, काहींचे नुकसान होते, असे अभ्यासांती दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे सांगितले. प्रारंभीच्या दिवसांत फक्त पाहावे, ऐकावे आणि योग्य ठिकाणी जोडून द्यावे.

दुसरी मान्यता पावलेली पद्धत अमेरिकेतील ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांची. तिच्यात मुलाला आधी श्वास संथ करायला, आपल्या भावनेला नाव द्यायला शिकवतात. मग थोडे थोडे करून घटनेचे कथन. आणि अखेरीस ते कथन आईसमोर. या शेवटच्या पायरीचे मोल विशेष आहे. एकाच खोलीत झोपणारी दोन माणसे, आई आणि मूल, एकमेकांना रडू येऊ नये म्हणून महिनोन्महिने गप्प असतात. ती कोंडी तेथे फुटते.

यावरून एक गोष्ट उघड होते. आईवर उपचार हा मुलावरील उपचाराचा अर्धा भाग आहे. ॲना फ्रॉइड यांना बॉम्बवर्षावात जे दिसले, तेच भातकुलीत किंवा बाळापुरातही खरे आहे. तिशीही न ओलांडलेली विधवा, डोक्यावर सावकाराचे देणे, सासर दुरावलेले. ती स्वतःच खिन्नतेत बुडाली असेल तर मुलाला सावरणार कोण?

आणि या बाबतीत अमरावती जिल्ह्याने जगाला दाखवण्यासारखे काम केलेले आहे, हे अमरावतीकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. 'विश्राम' या नावाने जिल्ह्यातील ३० गावांत एक उपक्रम राबवला गेला. गावातल्याच साध्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी खिन्नता ओळखणे, समुपदेशन करणे आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठवणे, असे त्याचे स्वरूप होते. खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी आधी जेमतेम ४ टक्के लोक कोणत्याही उपचारापर्यंत पोहोचत होते; दीड वर्षात हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २०१७मध्ये लॅन्सेट समूहाच्या मनोविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपक्रम प्रौढांसाठी होता. पण गावातलीच माणसे हे काम करू शकतात, हे त्याने सिद्ध केले. शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५पासून १४ जिल्ह्यांत आला, त्यातही आशाताईंवरच भिस्त होती.

व्यासपीठावरचे मूल

आता थोडे कटू बोलणे भाग आहे, कारण श्रोत्यांत कार्यकर्ते आहेत.

दर वर्षी जून-जुलैमध्ये वह्या-दप्तरांच्या वाटपाचे कार्यक्रम होतात. हेतू निर्मळ असतो. निवेदक ध्वनिक्षेपकावरून पुकारतो: 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचा मुलगा', मग नाव, मग गाव. मूल व्यासपीठावर येते, पाहुण्यांकडून दप्तर घेते, छायाचित्र निघते, ते वर्तमानपत्रात छापून येते आणि अलीकडे तर गावभरच्या मोबाइलवर फिरते. ज्या गोष्टीविषयी मूल घरातही बोलत नाही, ती चारशे माणसांसमोर त्याच्या नावाला जोडली जाते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची तीच ओळख असते. आघातग्रस्त मुलाला 'बाबा गेले तेव्हा तुला काय वाटले' असे कॅमेऱ्यासमोर विचारणारे बातमीदार आणि त्याला व्यासपीठावर पुकारणारे निवेदक यांच्यात त्या मुलाच्या दृष्टीने फरक नाही. तेच दप्तर आदल्या संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हाती देता येते. त्यात कार्यक्रम होत नाही, हे खरे.

'बाबा देवाघरी गेले', 'बाबा गावाला गेले' हीदेखील अशीच सद्हेतूने केलेली चूक. मूल वाट पाहते, आणि एक दिवस शाळेत कुणीतरी त्याला खरे सांगतो. मग त्याचा घरच्यांवरचा विश्वास जातो. सत्य सांगावे, वयाला साजेल इतकेच आणि मुलाने विचारले तितकेच. 'बाबांचे मन फार आजारी होते. त्या आजारात त्यांना दुसरी वाट दिसली नाही. हे तुझ्यामुळे झाले नाही. आम्ही सगळे तुझ्याजवळ आहोत.' यातले तिसरे वाक्य एकदा सांगून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या निमित्तांनी सांगावे लागते. मृत व्यक्तीला भ्याड ठरवू नये, आणि हुतात्माही ठरवू नये. दुसऱ्या गोष्टीकडे वऱ्हाडातल्या सभांत दुर्लक्ष होते.

'तूच कर्ता' हे वाक्य तर कायमचे बंद झाले पाहिजे. आठ वर्षांचे मूल कर्ते नसते. त्याला खेळू द्यावे. खेळताना ते बाहुलीला किंवा मातीच्या बैलाला पुरत असेल, तरी ओरडू नये. ते त्याचे बोलणेच आहे.

शिक्षकाला फार काही करायचे नाही. मुलाला दाराजवळ, जेथून बाहेर दिसते अशा जागी बसू द्यावे. फटाका, मोठा आवाज, वर्गातला मार टाळावा. रोजचा क्रम बदलणार असेल तर आधी सांगावे. महिना-दीड महिना उलटूनही झोप, भूक, अभ्यास पूर्वपदावर येत नसेल, किंवा मूल 'मलाही बाबांकडे जायचे आहे' असे म्हणत असेल, तर थांबू नये. जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रे आहेत. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२पासून विनामूल्य चालते. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. एका पालकाचे छत्र हरपलेल्या मुलालाही बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात, आणि येथे आत्महत्या पात्र की अपात्र असा प्रश्न येत नाही. पुष्कळ आयांना हे ठाऊकच नसते. अर्ज भरून देणे हा कार्यकर्त्याने सहज करण्याजोगा भाग आहे.

मुलांना लांब पाठवण्याविषयी एक शब्द. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवले. ते मोठेच काम झाले, आणि जेथे घरच उरले नव्हते तेथे दुसरा मार्गही नव्हता. परंतु जेथे आई आहे, आजी आहे, घर उभे आहे, तेथे चांगल्या वसतिगृहाच्या मोहाने मुलाला पहिल्याच वर्षी उचलून नेण्याआधी दहादा विचार करावा. बाप गमावलेल्या मुलाला आईही दुरावते, आणि आईला ते मूल.

शेवटी सवयीची एक छोटी बाब. प्रत्येक कार्यकर्त्याकडे दैनंदिनी असते. तिच्यात बैठकांच्या तारखा असतात. परिचयातील अशा एका घराच्या दोन तारखा तिच्यात लिहून ठेवाव्यात: घटनेची आणि पोळ्याची. बापाच्या हातात हात घालून ज्याने बैल तोरणाखाली नेले होते, त्या मुलाला त्या दिवशी सकाळपासून काय होते हे आता सांगितलेच आहे. त्या दिवशी दुपारीच त्याच्या घरी जावे. सोबत कुणाला नेऊ नये, हार नको, भाषण नको. बैल विकले गेले असतील तर माती घेऊन जावी. मुलाला बैल करायचा असेल तर तो करील. नसेल तर दोघांनी ओट्यावर नुसते बसावे, आणि आईने चहा ठेवला तर तो घ्यावा.